बेटावरची झोपमोड

डिसेंबर संपत आला की आमच्याकडे एक हंगाम येतो. पंचांगात त्याला जागा नाही, पण मोशीपासून चाकणपर्यंत तो शेंबड्या पोरालाही कळतो. एका सकाळी आपण घराबाहेर पडतो आणि पलीकडून दूध घेऊन परत आल्यावर लक्षात येतं की आज रस्ता ओलांडला तो नुसता चालत. थांबून नाही, हात दाखवून नाही, कंटेनरवाल्याच्या शिव्या खाऊन नाही. बऱ्याचशा कंपन्यांचा शटडाऊन, म्हणजे वर्षअखेरची सुट्टी, सुरू झालेला असतो. ज्या बसेस एरवी पहाटेपासून माणसं भरभरून नेतात त्या मोकळ्या मैदानात ओळीने उभ्या असतात. त्यांचे ड्रायव्हर बीडला, लातूरला, नांदेडला आपापल्या घरी पोचलेले असतात. वडापाववाल्याने बाकडं टेबलावर उलटं टाकून त्याला साखळी घातलेली असते. धूळ खाली बसते, इंद्रायणीकडून थंडी येते, कुठल्यातरी उरल्यासुरल्या शेतातला ओल्या मातीचा वास येतो, आणि मोशी हे एकेकाळी गाव होतं हे आठवतं.

इतरांना आंब्याचा मोसम असतो, हुरड्याचा असतो. आम्हा कंपनीवाल्यांच्या लेकरांना शटडाऊनचा असतो. मी राहते रहाटणीत, शिकवते तिथल्याच एका शाळेत. नवरा महेश चाकणला कंपनीत, आणि माझे आई-आप्पा मोशीत. दरवर्षी या दिवसांत आम्ही दोघं त्यांच्याकडे मुक्कामाला जातो. स्कूटरवरून जाताना तो रिकामा रस्ता दिसला की मला हटकून समुद्र आठवतो. मोशीच्या रस्त्याचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कोणीही विचारील. संबंध आहे, पण तो सांगायचा तर आधी आप्पांच्या झोपेबद्दल सांगावं लागेल.

आप्पा खेड तालुक्यातल्या एका लहान गावातून कंपनीत लागले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं, आणि निवृत्त झाले तेव्हा डोक्यावर एक काळा केस नव्हता. काम हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे लोखंडी भाग तापवून कडक करण्याच्या, भट्टीवर. ती भट्टी कधी विझवत नसत, त्यामुळे तिच्यापाशी रात्रंदिवस माणूस लागे. आणि रात्र कोणालाच नको असायची. कोणाचं लेकरू तान्हं, कोणाची बायको बाळंत, कोणाचं नवं लग्न. मग तो माणूस आप्पांकडे येई आणि म्हणे, "आप्पा, एवढा आठवडा बघा की राव." आप्पा बघायचे. आठवड्याचा महिना झाला, महिन्यांची वर्षं झाली, आणि अख्ख्या खात्याने त्यांना कायमचं नाईटवालं करून टाकलं. रात्रभर भट्टीची धग अंगावर घ्यायची, सकाळी बसमधून नाक्यावर उतरायचं, आंघोळ करून भाकरी खायची आणि पडदे ओढून झोपायचं. दिवसाचं ऊन त्यांना माहीत नव्हतं, तरी त्यांचं तोंड उन्हात रापल्यासारखं तांबूस दिसायचं. मला आजही माझ्या वडिलांएवढा दिलदार माणूस दुसरा दिसलेला नाही, हे मी सरळच सांगून टाकते.

ते झोपले की आईचा कारभार सुरू व्हायचा. तेव्हा आम्ही दोन खोल्यांत राहायचो, पुढे रस्ता आणि मागे सगळ्या आळीचा नळ. अशा ठिकाणी माणसाला दिवसा झोपू देणं ही कला आहे, आणि आई त्या कलेत पारंगत होती. कुकरची शिट्टी आमच्या घरात कधी वाजली नाही. ती फुसफुसायला लागली की आई उलथन्याने अलगद उचलून धरायची, वाफ सोडायची आणि बोटाने मला 'एक' दाखवायची. बांगड्या वर ढकलून रुमालाने बांधलेल्या, दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, ताटं ठेवायची ती घडी घातलेल्या गोधडीवर. भंगारवाला गल्लीच्या तोंडाशी आला की ती अनवाणी धावत जाऊन त्याला हात जोडायची. पुढे पुढे तोच तिला लांबून पाहून हात जोडायला लागला. पाहुणे आले तर चहा बाहेर पायरीवर. मी सगळ्या कविता पाठ केल्या त्या नुसते ओठ हलवून. क्रिकेटची मॅच असली की आळीतली पोरं आमच्याकडे जमायची, कारण टीव्ही आमच्याकडे होता, पण आवाज बंद. चौकार गेला की आम्ही ओरडण्याऐवजी एकमेकांना चिमटे काढायचो.

गंमत अशी की या सगळ्याची आप्पांना कानोकान खबर नव्हती. कशी असणार? ते दाराच्या आत, आम्ही दाराबाहेर. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता तोच एक माणूस त्या वेळी घोरत असायचा.

मग आप्पा निवृत्त झाले. मोशीतच एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता, गॅलरीतून नदीकाठची झाडं दिसायची. आता आरामात पेपर वाचत बसा, असं आम्ही म्हटलं. पण सवय कुठे जाते? त्यांना रात्री झोप येईना, आणि आम्हाला त्यांच्यासमोर बोलता येईना. ते बाहेरच्या खोलीत आले की आईचा आवाज आपोआप खाली यायचा. शेजारीण आलेली असली तर दोघी उठून स्वयंपाकघरात जायच्या. माझा फोन वाजला की मी गॅलरीत. कोणी ठरवून करत नव्हतं, इतक्या वर्षांत ते हाडात मुरलं होतं. शटडाऊनच्या तोंडावर एका दुपारी मी गेले तर आप्पा खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसलेले.

"पोरी, घरात माज्याशी कुनी बोलत न्हाई बघ," ते म्हणाले. "मी आलो की समदी गप व्हत्यात. कायतरी चुकलं आसंल माजं."

"तसं नाही हो आप्पा," मी म्हटलं.

"आसू दे. बबनरावानं चाकनच्या एका गोडावनात काम बघितलंय. रातचं, सुपरवायजरचं. शटडाऊन सुटला की या म्हनतोय. तितं निदान पोरं बोलत्यात तरी."

बबनराव म्हणजे त्यांचा भट्टीवरचा जुना जोडीदार. मी विचारलं, "आईला सांगितलंत?"

"सांगितलं. काय बोलली न्हाई."

आई बोलली नाही यात नवल नव्हतं. वर स्वयंपाकघरात मात्र तिने मला जवळ ओढून सांगितलं, तेही कुजबुजतच, "आता कुटं मानूस घरात आला हुता. परत चालला रातचा." तिचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, मग त्यांना सांग ना. तर म्हणाली, "त्यास्नी जायचं हाय तर जाऊ दे की. मी कशाला आडवी येऊ?" एकाच घरात दोन माणसं एकमेकांसाठी तोंडात मूग गिळून बसली होती, आणि शटडाऊन सुटला की आप्पा पुन्हा रात्रीचे होणार होते. मला ते दोघंही फार आवडतात, पण त्या दिवशी दोघांचाही राग आला.

अशा वेळी, त्या शटडाऊनमध्ये चौघांनी अंदमानला जायची टूम महेशने काढली. त्याच्या खात्यातले सगळे एकेकदा जाऊन आले होते आणि डब्याच्या सुट्टीत निळ्या पाण्याचे फोटो दाखवून त्याला हैराण करत होते. आप्पांचं म्हणणं, समुद्र आपण बघितलेला आहे. कंपनीची ट्रिप अलिबागला गेली होती. ती कथा आम्हाला पाठ होती: आप्पा नाईट संपवून तसेच बसमध्ये बसले, किनाऱ्यावर शहाळ्याच्या गाडीच्या सावलीत झोपले आणि संध्याकाळी परत आले. समुद्राने त्यांना पाहिलं होतं, एवढंच फार तर म्हणता येईल. शेवटी जावयाचा शब्द मोडायचा नाही म्हणून ते तयार झाले.

पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव आता बदललं आहे, तिथल्या धक्क्यावरून आम्ही फेरीबोटीने नील बेटाकडे निघालो. बोटीत पाहुणे थोडे आणि बेटावरची माणसं जास्त. कोणाजवळ कांद्याचं पोतं, कोणाजवळ सायकल, एका बाईच्या मांडीवर नवाकोरा मिक्सर. डिझेलचा, ओल्या दोरखंडाचा आणि कोणीतरी सोललेल्या संत्र्याचा वास येत होता. धक्का सुटला तेव्हा पाणी गढूळ हिरवं होतं. मग ते निळं झालं, आणि मग असं निळं झालं की मी बोलायचीच थांबले. माझ्या वर्गातल्या पोरांच्या पेटीत जो निळा खडू सगळ्यात आधी झिजतो, तो. मधूनच पाण्यातून लहान लहान मासे उसळायचे, चक्क थोडं उडायचे आणि पुन्हा आत जायचे. आई कठड्याला धरून त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी तिच्या तोंडावर आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

टूम काढणारा महेश पहिल्या थोड्या वेळातच हिरवा पडला. आईने त्याच्या हातावर आवळासुपारी ठेवली, आणि जावईबापू डोळे मिटून एका लोखंडी खांबाला मिठी मारून बसले ते बेट येईपर्यंत. आणि आप्पा? दिवसाची वेळ, पायाखाली इंजिनाची घरघर. भट्टीच्या ब्लोअरपाशी बसल्यासारखं वाटलं असणार. ते बाकावर बसल्याबसल्या झोपले. लगेच आई सावध झाली. आमच्या मागे नागपूरकडच्या एका घोळक्याने गाण्याच्या भेंड्या लावल्या होत्या. आईने त्यांच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं, आप्पांकडे दाखवलं आणि हात जोडले. भर समुद्रात, इंजिनाच्या त्या गदारोळात. ती मंडळी बिचारी इतकी गोंधळली की खरोखरच गप्प बसली.

बेटाचा धक्का म्हणजे समुद्रात पुढे आलेला एक लांबलचक पूल. खाली पाणी इतकं नितळ की तळातले दगड मोजावेत. रिक्षाने आत निघालो तर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वांगी, भेंडी, दुधीचे मांडव. समुद्राच्या मधोमध. "हितं बी आपल्यावानी शेतीच हाय की," असं आई पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि खूश होत होती. आमचा मुक्काम होता सुपारीच्या बागेतल्या एका बंगाली घरात. घरमालकिणीला सगळे बौदी म्हणत, म्हणजे वहिनी, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. अंगणाच्या एका अंगाला तिचं राहतं घर, दुसऱ्या अंगाला पाहुण्यांच्या दोन खोल्या, बांबूच्या तट्ट्यांच्या, वर पत्रा, आत मच्छरदाण्या. आणि आमच्या खोल्यांना लागूनच आणखी एक खोली.

त्या खोलीचं दार बंद होतं. खिडकीला आतून पोतं लावलेलं. दाराशी पुरुषी रबरी चपलांचा जोड.

आप्पा अंगणातच थांबले. "नाईटवाला झोपलाय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बोटीवरचा आसंल. रातच्याला मासं धरत्यात हे लोक. बॅगा वडत आनू नका, उचला."

आम्ही उचलल्या. महेशचं डोकं अजून गरगरत होतं, तरी त्याने दोन उचलल्या. आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या कुटुंबाला बंद दार आणि चपला पाहून काय वाटलं असतं कोण जाणे. देवघर वाटलं असतं, अडगळ वाटली असती. आम्हाला त्यात झोपलेला कामगार दिसला आणि त्याबद्दल कोणाच्या मनात शंकाही आली नाही.

आईने मुक्काम कसा मांडला ते बघण्यासारखं होतं. परक्या खोलीला ती हां हां म्हणता आपली करते. दशम्यांचा डबा खिडकीत, शेंगदाण्याची चटणी त्याच्याशेजारी, आप्पांचा टॉवेल खिळ्याला, ओले कपडे सुपारीच्या दोन झाडांमध्ये. आणि हे सगळं बिनआवाजाचं. खाट सरकवायची तर पायांखाली चपला घातल्या. बादलीत पाणी सोडताना धार बादलीच्या आतल्या अंगावरून, तळावर थेंब पडू न देता. हातपंपाच्या दांड्याला तिने आपला रुमाल बांधला. आप्पा व्हरांड्यात बसून बघत होते. त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं.

"तुला ह्ये कसं जमतं गं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

आई नुसती हसली, तेही बिनआवाजाचं.

बौदी मोठ्या गळ्याची बाई असणार हे तिच्या अंगलटीवरूनच कळत होतं. पण आम्हाला भात वाढायला आली ती पाऊल न वाजवता, आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "और माछ लेगा?" ती स्वतःच एवढं हळू बोलते म्हणजे आत झोपलेला तिचाच नवरा असणार, असं महेशने ताडलं. मग तर आम्ही आणखीच जपायला लागलो. तो कधी दिसला नाही याचं नवल वाटलं नाही; नाईटवाला दिवसा कोणाला दिसतो? जेवताना काटे ताटात टाकायचे नाहीत, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायचे, असा आईने नियम काढला.

त्या बेटावर सूर्य आपल्या घड्याळाला जुमानत नाही. भल्या पहाटे लख्ख ऊन येतं आणि आपला दुपारचा चहा होतो न होतो तोच तो मावळायच्या तयारीला लागतो. "ह्याची कायम फर्स्ट शिफ्ट दिसतीया," आप्पा म्हणाले. त्यांचं आयुष्यभराचं वेळापत्रक तिथे आपोआप उलटलं. दिवसभर चालून, खाऊन, वाऱ्यावर बसून ते रात्री झोपू लागले आणि दिवसा टक्क जागे राहू लागले. ओहोटीला पाणी लांबवर मागे हटायचं आणि खडकांमध्ये डबकी उरायची. एकेका डबक्यात केवढा संसार. काळे काटेरी गोळे, शिंपल्यात शिरून पाय काढून चालणारे खेकडे, एक निळा मासा जो आपल्या मुठीएवढी जागा राखून बसायचा. आप्पा एकेका डबक्यापाशी उकिडवे बसायचे आणि आईला हाताने बोलवायचे. आई नऊवारीचा ओचा वर खोचून पाण्यातून जायची. मग दोघं डोक्याला डोकं लावून बघत बसायची. मी लांबून त्यांना पाहायचे आणि मला वाटायचं, लग्नानंतर यांना असं भर उन्हात एकत्र बसायला कधी मिळालं असेल? आणि तरीही, लांबवर चिटपाखरू नसलेल्या त्या किनाऱ्यावरसुद्धा, दोघं बोलायची ती कुजबुजतच.

कुजबुज ही तशी वाईट गोष्ट नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. माझा वर्ग गोंगाट करायला लागला की शेजारच्या बाई टेबलावर पट्टी आपटतात. मी आवाज इतका खाली आणते की पोरांना ऐकण्यासाठी गप्प बसावंच लागतं. मुख्याध्यापिका विचारतात, हे ट्रेनिंग कुठं झालं तुमचं? मी म्हणते, मोशीला. पण वर्ग सुटल्यावर मैदानात पोरं जी आरोळी ठोकतात, तीही मला हवी असते. ती ऐकली नाही तर दिवस वाया गेल्यासारखा वाटतो.

मग ती दुपार आली. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो, भरपूर जेवून सुस्तावलेले. बौदी हातात टोपली घेऊन आली, थेट त्या बंद दाराशी गेली, चपला पायात सरकवल्या आणि दार धाडकन उघडलं. आई ताडकन उठली. ती तशीच धावत गेली, बौदीचा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

बौदीही दचकून कुजबुजली, "क्या हुआ?"

"वो सोया है ना," आई आपल्या हिंदीत म्हणाली.

"कौन सोया है?"

आईने आत बोट दाखवलं. बौदीने आत पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. मग तिने खिडकीचं पोतं ओढून काढलं. उजेड आत गेला आणि आम्ही सगळे दारात गोळा झालो. जमिनीवर वाळलेलं गवत अंथरलेलं, आणि त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत केळीचे घड. पिकत घातलेले. काही अजून हिरवे, काही पिवळे. तो गोड वास आम्हाला आल्या दिवसापासून येत होता आणि तो बागेचाच असं आम्ही धरून चाललो होतो.

"ये तो केला है," बौदी म्हणाली. चपला तिच्या नवऱ्याच्या होत्या. तो भाजी विकायला पोर्ट ब्लेअरला गेला होता, आणि ती बागेत जाताना त्या पायात घालायची. "हमको लगा बाबूजी का तबियत खराब है," ती आप्पांकडे बघत म्हणाली. "इसलिए आप लोग इतना आस्ते आस्ते बोलता है। तो हम भी आस्ते बोलता था।"

म्हणजे केळ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून आम्ही कुजबुजत होतो, आणि आम्ही कुजबुजतो म्हणून ती कुजबुजत होती.

आधी महेश हसला, मग मी. आणि मग आई हसली. आईला हसताना मी पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. ती खांबाला धरून हसली, खाली बसून हसली, डोळ्यांतून पाणी काढून हसली. असा मोठा, खणखणीत आवाज, की पलीकडच्या बागेतला माणूस कोयता थांबवून बघायला लागला. बौदीने तिच्या पाठीवर थाप मारली आणि तीही गडगडून हसायला लागली. दोन मोठ्या गळ्याच्या बायका इतके दिवस एकमेकींना ओळखूच शकल्या नव्हत्या.

आप्पा हसले नाहीत. ते दारात उभे राहून आईकडे बघत होते. मग व्हरांड्यात येऊन बसले. बौदी टोपली भरून गेली, महेश लवंडला, मी वाळत घातलेले कपडे काढायला उठले आणि सुपारीच्या झाडापाशी तशीच उभी राहिले, कारण आप्पा बोलत होते.

"आपल्या घरी रोज आसंच चालायचं?"

"आसंच म्हंजी?" आई डोळे पुसत होती.

"ह्ये. रुमाल बांधायचं. धार कडंनं सोडायची. बोट ठिवायचं तोंडावर."

"मंग? तुमी झोपल्यालं आसायचा."

"रोज?"

"रोज."

आप्पा पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत राहिले. "मला वाटायचं तू मुळातच कमी बोलती."

"मी?" आई म्हणाली. "माज्या माहेरी इचारा. आमच्या गल्लीत मला समदी भोंगा म्हनायची."

आप्पांनी मान वर केली. आणि मग आई बोलली. कुजबुजली नाही. तिचा आवाज पुऱ्या अंगणात ऐकू गेला. "तुमी दमून यायचा, तुमची झोप मोडू न्हाई म्हनून आमी गप ऱ्हायलो. त्याचं मला कदी वाईट वाटलं न्हाई. पर आता तुमी जागं झालाय, तर परत रातचं चाललाय. रातचं जानार म्हंजी दिवसा झोपनार. आन मी परत गप. मला न्हाई आता गप बसायचं. मला दिवसा बोलायला मानूस पायजे. तुमी पायजे."

आप्पांनी उठून पंपाच्या दांड्याचा रुमाल सोडला, पिळला आणि वाळत टाकला. मग त्यांनी पंप हापसला. त्याचा करकर आवाज सुपारीच्या बागेत लांबपर्यंत गेला, आणि त्यांनी तोंडावर पाणी मारलं. रडत असतील तर ते पाण्यात गेलं.

त्यांनी काय ठरवलं ते मला कळलं नव्हतं, आईलाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी बौदीने आईला गळामिठी मारली, पिकलेल्या केळ्यांचा एक फणा आमच्या हातात कोंबला आणि आम्ही परतीच्या बोटीत बसलो. या वेळी जागा मिळाली ती बरोबर इंजिनाच्या डोक्यावर. आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नव्हतं. आई आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलत होती, आणि थांबत नव्हती. ती त्यांना दिवस सांगत होती. जे दिवस त्यांनी झोपून काढले ते. माझा पहिला दात पडला आणि मी तो गिळला ती दुपार. शेजारच्या मावशींनी नळावरून केलेलं भांडण, जे आईने नुसत्या हातवाऱ्यांनी जिंकलं होतं. गल्लीतून गेलेली एक वरात, जिच्या बँडवाल्याला तिने आमच्या दारापुरतं वाजवणं थांबवायला लावलं होतं. आप्पा डोळे मोठे करून ऐकत होते. मधेच "व्हय?" म्हणत होते. दिवसाची वेळ होती, खाली इंजिन घरघरत होतं, आणि ते झोपले नव्हते. महेश आपल्या खांबाला धरून बसला होता. मी समुद्राकडे बघायचं विसरून या दोघांकडे बघत होते, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की सांगता सोय नाही.

आई सापापर्यंत आली तोवर किनारा दिसायला लागला होता. भर दुपारी मोरीत निघालेला साप. ही गोष्ट मलाही माहीत नव्हती; मी शाळेत असणार. तेवढ्यात फोनला रेंज आली आणि आप्पांचा फोन वाजला. ते नेहमी स्पीकर लावूनच बोलतात, त्यामुळे बबनराव आम्हा सगळ्यांना ऐकू आले.

"आप्पा, मंग येताय न्हवं? नाव दिऊन ठिवतो तुमचं."

"न्हाई बबनराव. न्हाई जमायचं."

"का वो? तब्येत बरी हाय ना?"

"तब्येत झ्याक हाय. घरी दिवसाचं लई काम साचलंय."

"रिटायर मानसाला कसलं आलंय काम?"

"मागचं समदं ऐकायचं ऱ्हायलंय," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी फोन खिशात टाकला.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आप्पा तिच्याकडे सरकून बसले आणि त्यांनी कान तिच्यापुढे केला.

"हां," ते म्हणाले. "मोरीत साप निघाला. मी आत झोपल्यालो. तू वरडली बी न्हाईस. मंग?"

आईने नाक पुसलं, पदर खोचला आणि पुढचं मोठ्याने सांगायला घेतलं.